रेनकोटाला खळ

…हसा! हसून घ्या पोटभर, तुमीच काहून मागं राहता! आवं, पुसेगावच्या बाजारात हसले, सेनगावच्या स्टँडवर हसले, आता इथं कळमनुरीला मेंढ्याचं औषध न्यायला आलो, घडीभर ह्या हाटेलात टेकलो, तर चहावाल्या मामानं साखर हालवता हालवता माह्याकडं बघितलं आन् मनला, "ओ! बहिणीच्या आंगाला फेस आणलता ते पोरगं तूच ना?" आता काय बोलावं? मनलं, व्हय मामा, म्याच. चहा द्या. तर मनतो कसा, "फेसाचा देऊ का बिनफेसाचा?" आन् तुमी सगळे लागले फिदीफिदी करायला! त्यो व्हिडिओ तुमच्या मोबाईलात बी आलता, व्हय ना? आलाच आसंल. पर तुमाला सांगतो, तुमचं आमच्या गावात येणं-जाणं न्हाई म्हणून सांगतो, भाईर कुठं बोलू नका… मायची आण घेऊन सांगतो… ह्या टायमाला मस्करी नव्हती हो!

आता कुणी इस्वास ठेवत न्हाई, त्यात त्यांची बी चूक न्हाई. माहा इतिहासच तसा हाय. देवळाच्या भोंग्यावरून "रेशनला साखर आली, पिशव्या घेऊन या" आसं बोलणारा कोण? मीच. विश्वंभर सरांच्या गाडीच्या सीटखाली मेंढीचं घुंगरू बांधलं, सर पुसेगावपस्तोर आपल्या मागं कळप लागला म्हणून वळून वळून बघत गेले, ते कुणाचं काम? माहंच. शाळा म्या दहावीत सोडली… बरं, शाळेनंच मला सोडलं, घ्या. म्हंजे गावात कुणाची चप्पल हारवली तरी आधी लोकं आमच्या दारात येतेत, मग चप्पल हुडकतेत. लखमा न्हाई तर दुसरं कोण! आसं नाव असल्यावर माणसानं एखाद्या दिवशी चांगलं काम करावं का? सांगा ना, करावं का? न्हाई करू. म्या केलं, आन् बगा.

झालं कसं, की माही मोठी बहीण, दीपमाला आक्का, ती फॉरेस्टात लागली. वनरक्षक! खाकी वर्दी, टोपी, बूट, सगळं. आमच्या धनगराच्या घरात! तुमी इचार करा, बाप मसाजी जन्मभर मेंढ्या घेऊन जंगलाच्या कडंकडंनं फिरला, फॉरेस्टवाला दिसला की मेंढ्या घेऊन पळाला, आन् आता फॉरेस्टवालीच सांजच्याला घरी येऊन मनती, "माय, भाकर वाढ." बा तर पयल्या दिवशी वर्दी बघून बसल्या जागचा उठून उभा राहिला. खरंच! सवयच ती. मग त्याचं त्यालाच हसू आलं, आन् डोळ्याला पाणी बी आलं, आन् मनला, "धूर लई झालाय घरात." चूल इझलेली होती.

तर ह्या आक्काला पावसाळ्यात जंगलात फिरायची ड्यूटी. नव्या लोकांचं माप घेऊन झालतं, कोट यायचा होता, तवर तिच्या हाताखालचे… न्हाई, तिच्या वरचे, रतनसिंग काका, त्यांनी आपला जुना रेनकोट दिला. "बेटी, नया आने तक ये चला ले." चांगल्या कंपनीचा होता, डोंगर चढणारे लोकं घालतेत तसला, पर वापरून वापरून त्याची पार गोधडी झालती. पाणी वरून घसरायचं सोडून कापडच पाणी पिऊन राहिलं! आक्का जंगलातून आली की कोट पिळायची आन् खोकायची. पिळायची आन् खोकायची. माय काढा देऊन देऊन थकली.

बा ऐकायचा. एका दिवशी त्यानं खुंटीवरची आपली घोंगडी काढली, झटकली, आन् आक्काच्या म्होरं धरली. "ही ने बाई. कितीबी पडू दे, थेंब आत येत न्हाई."

आक्का मनली, "बा, वर्दीवर घोंगडी चालत न्हाई. साहेब बोलतेत."

"व्हय, व्हय. बराबर हाय," बा मनला. घडी घातली, परत खुंटीवर ठेवली. एवढंच. पर घोंगडी ठेवताना त्याचा चेहरा… जाऊ द्या. मला तसलं बघवत न्हाई, म्हणून तर मी मस्कऱ्या करत हिंडतो.

मग दुसऱ्या दिशी आक्काला सुट्टी, ती गेली हिंगोलीला मैत्रिणीकडं, कोट दांडीवर. बानं त्या कोटाभवती दोनचार चकरा मारल्या, बोटानं चाचपला, वास घेतला… मेंढा इकत घेताना घेतो तसा! आन् मला मनला, "लखमा, ह्याची खळ गेली रं."

आता तुमाला खळ म्हंजे काय ते सांगतो, तुमी शिटीतले लोकं. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजू घालायचे, वाटायचे आन् शिजवायचे, की चिकट लापशीवानी होतंय, ती खळ. ती घोंगडीला कुंच्यानं घासून द्यायची आन् उन्हात वाळू घालायची. मग घोंगडी आशी ताठ होती की पाऊस तिच्यावरून घसरगुंडी खेळतो. ह्या कामात माह्या बापाचा हात धरणारा आख्ख्या तालुक्यात कुणी न्हाई. न्हाई म्हंजे, नव्हता. आता घोंगडीच कोण घेतंय! पर तवा लांबलांबचे धनगर "मसाजी, तेवढी खळ तुमीच द्या" म्हणून यायचे.

बा मला मनला, "घोंगडीची खळ गेली की घोंगडी पाणी पिती. हा बी तसंच करून राहिला. ह्याला बी खळ देऊन बघावं का?" आन् मग जरा दबकून, "तुह्या मोबाईलात बघ की, चालतंय का ते. हे इलायती कापड हाय, आपल्याला काय कळतंय."

आता इथं… इथं माहं चुकलं. इथं मान खाली घालतो बगा तुमच्याम्होरं. बापानं पयल्यांदा मला काहीतरी इचारलं होतं! न्हाईतर जन्मात मला काय इचारलं त्यानं? "कुठं उलथला होतास" सोडून? म्या ऐटीत मोबाईल काढला. एक गोरा दाढीवाला डोंगरावर उभा राहून इंग्लिशमधी सांगून राहिला होता, कोट आसा धुवा, आसं करा, तसं करा. कोट पाण्यात घातल्याचं म्या बघितलं, कायतरी लावल्याचं बघितलं… आन् तेवढ्यात खाली बोकडाच्या टकरीचा व्हिडिओ दिसला. आता तुमीच सांगा, एकीकडं इंग्लिश आन् एकीकडं असला खोंडाएवढा बोकड! बोकड जिंकला.

बा इचारतो, "काय मनतो त्यो?"

म्या टकरीवरून नजर न काढता मनलं, "बराबर हाय बा. धुवायचा आन् लावायचं. तू मनतो तसंच हाय."

बापाचं तोंड आसं फुललं, आसं फुललं! "बघ मंग! त्यांच्यात बी खळच देतेत!"

सांगा आता. ह्याला मस्करी मनतेत का? मस्करी आसती तर बरं झालं आस्तं हो, मस्करीला निदान डोकं लागतंय!

लागलो कामाला. धुवायचं काम माह्याकडं. माय कपड्याला चिमटीभर पावडर टाकती, म्या मनलं आक्काचा कोट हाय, झकास निघाला पाहिजे, आख्खा पुडा वतला! फेस आसा आला की बादली दिसंना. तुडवला, आपटला, एकदा पाण्यातून काढला. फेस राहिलाच होता, मनलं राहू दे, वाळल्यावर कुठं जातोय. तिकडं मायनं चिंचोके भाजले, बानं वाटले, शिजवले, आन् मग माळ्यावरून आपला जुना कुंचा काढला. काय सांगू! पाच वर्सात त्या माणसाला एवढं खूश बघितलं नव्हतं. कोट पसरला, पटक्याचा शेव कमरेला खोवला, आन् लागला हात चालवायला. वरून खाली, वरून खाली. "शिवणीत जास्त घ्यायची. खांद्यावर दोनदा. पाणी आधी खांद्यावर पडतंय. बघून ठेव." म्या बघून ठेवलं. आसलं म्या बराबर बघून ठेवतो, फक्त पाहिजे ते ठेवत न्हाई.

वाळल्यावर कोट भितीला टेकवून ठेवला, तर उभाच राहिला. बिनमाणसाचा! कुत्रं भुकलं त्याच्यावर. बानं तांब्यातलं पाणी जरासं शिपडलं, आन् खरं सांगतो, थेंब घसरले! घरंगळत खाली! बानं माह्याकडं बघून नुसती मान हालवली. मी मनलं, "आक्काला सांगू, तू केलं म्हणून." तर मनला, "आत्ता न्हाई. उद्या झाडं लावायचा कार्यक्रम हाय ना आपल्या गावात, तवा पाऊस लागला आन् ती कोरडी राहिली, की तिच्या साहेबाच्या म्होरं सांगू. म्या केलं म्हणून. आधी चालू तर दे."

आक्का आली. कोट बघून माह्याकडं संशयानं, "कुणी केलं हे?"

बा मुकाट तमाखू मळत बसला. माय चुलीत फुकायला लागली. मी मनलं, "म्या धुतला."

"तू?" तिनं आधी दोन्ही खिसे उलटे केले. पाल-बील हाय का बघितलं! मग बाह्या झटकल्या. मग अंगात घातला. पापड मोडल्यावानी कडकड वाजला. मनली, "लखमा, ह्यात काही मस्करी निघाली ना, तर बघ." मनलं, न्हाई गं आक्का, आईच्यान, ह्या टायमाला मस्करी न्हाई!

आला त्यो दिवस. शाळेच्या मागच्या गायरानात खड्डे खणून ठेवलेले, रोपं रांगंत मांडलेले, साहेब आलेले, पयलं झाड त्यांच्या हातानं लावून झालेलं, रतनसिंग काका आलेले, सारं गाव गोळा झालेलं. बा धुतलेलं धोतर, नवा पटका बांधून पयल्या रांगंत. आन् भाषण कुणाचं? आक्काचं! पयलं भाषण! आभाळ भरूनच होतं. आक्का उभी राहिली, "उपस्थित मान्यवर, आन् माझ्या गावकऱ्यांनो…" आन् लागला पाऊस.

बा मला कोपरानं ढोसून हळूच मनतो, "आता बघ."

बघितलं. आधी खांद्यावर जरासं पांढरं दिसलं. मला वाटलं कबूतर बसून गेलं. आक्का हात वर करून मनली, "एक झाड म्हणजे…" आन् काखंतून भसकन फेस! दुसरा हात वर केला, दुसऱ्या काखंतून! पाऊस वाढला तसा फेस वाढला, खांद्यावरून छातीवर, छातीवरून पोटावर, बाह्यातून बोटावर! जेवढी हालती तेवढा फेस, आन् भाषण म्हणलं की माणूस हालतंयच! लेकरं टाळ्या पिटून राहिले. शकुबाई म्हातारी मागून माह्या मायला वरडली, "आगं सत्यभामा, धाव! तुही पोरगी उतू चालली!"

साहेब घाबरले. "मॅडम, तब्येत ठीक आहे ना तुमची?" रतनसिंग काका मनतेत, "अरे, ये जाकिट है के साबुन की फॅक्टरी?" आन् आक्का! ती थांबंना! डोळ्यात पाणी, आंगावर फेस, पर भाषण चालू, "झाडं लावा, झाडं जगवा…" काय काळीज हाय पोरीचं! माह्यासारखं आसतं तर पळून गेलं आस्तं.

मला वाटलं झालं, आता फेस संपला की सुटलो. पर आतली खळ राहिली होती ना! फेस गेला आन् खळ सुटली. कोट आसा बुळबुळीत झाला, की वरून खाली लापशीच्या धारा. आन् भाजलेल्या चिंचोक्याचा वास! तुमाला सांगतो, शेळीला त्या वासाम्होरं काही सुचत न्हाई. शकुबाईच्या शेळ्या पलीकडं चरून राहिल्या होत्या. एकीनं नाक वर केलं. मग दुसरीनं. मग सगळ्या निघाल्या, थेट स्टेजकडं! एक बाही चाटती, एक पाठ चाटती, एक तर पुढच्या पायावर उभी… म्हंजे मागच्या, मागच्या पायावर उभी राहून कॉलर चाटून राहिली! वनरक्षक मॅडम, शेळ्या हाकलायची ज्यांची ड्यूटी, त्यांनाच शेळ्यांनी धरलं! आन् ज्यांना आक्काच्या आंगाला जागा भेटली न्हाई, त्यांनी साहेबाच्या हातानं लावलेलं झाड खाल्लं. साहेबाच्या म्होरं. बुडापस्तोर.

मग काय! आख्खं गाव चिखलात लोळून हसून राहिलं. मोबाईल निघाले. आक्काचं भाषण थांबलं. ती नुसती उभी, ओठ आवळून.

साहेबाचा आवाज चढला. "हा काय प्रकार आहे? कुणी केलं हे?"

आन् म्या बाजूला बघितलं. बा उठला होता. नव्या पटक्यावरून पाणी गळून राहिलं, हात जोडलेले, ओठ हालून राहिले. "सायेब… ते म्या…"

तुमाला सांगतो, त्या घडीला माह्या डोक्यात काय चाललं होतं, मला ठाव न्हाई. एवढंच दिसलं, की आता हा बोलणार, आन् ह्याची खळ, ह्याचा कुंचा, सगळ्यावर हे गाव हसणार, मरेपस्तोर. पोरीची फजिती बापानं केली मनणार. आन् चूक त्याची होती का? त्यानं तर इचारलं होतं! म्या बघितलं न्हाई! बोकड बघत बसलो होतो!

उडी मारून म्होरं गेलो आन् वरडलो, "म्या केलं! मस्करी केली म्या!"

लोकं काय मनले आसंल? "वाटलंच!" एकदम! सारं गाव एका सुरात! कुणी इचारलं बी न्हाई, कसं केलंस, काहून केलंस. माह्यावर एवढा इस्वास! आक्का आली, फेसाळलेल्या हातानं आशी एक ठेवून दिली की माह्या तोंडाला बी फेस आला. मनली, "तुला मी मेले." मी मान खाली. एवढ्या मस्कऱ्या केल्या, कधी लाज वाटली न्हाई. आन् जी केलीच न्हाई तिची आशी लाज, की वाटलं साहेबाच्या झाडाच्या खड्ड्यात जाऊन उभं राहावं. खड्डा तसा बी मोकळाच झालता.

बानं जोडलेले हात सोडले. खाली बसला.

दुसऱ्या दिशी मेंढ्यामागं आमी दोघंच. लई येळ चाललो. मग बा मनला, "काहून केलंस रं?"

मनलं, "काय?"

"…काही न्हाई. ती लंगडी मागं राहिली, हाक तिला."

त्याच दिशी त्यो दाढीवाल्याचा व्हिडिओ म्या शेवटपस्तोर बघितला. खाली हिंदीत लिहून येतंय हो! आधीपासून येत होतं! पयलीच ओळ, कपड्याची पावडर वापरू नका. पयलीच! म्हंजे टकरीच्या आधी! मग कोट मोटरीच्या धारंखाली धरला, फेसाचा बुडबुडा निघायचा बंद होईपस्तोर. खळ नखानं काढली. सावलीत वाळवला. रतनसिंग काकाच्या हातापाया पडून त्यांच्याकडची, कोटात पाणी मुरू न देणाऱ्या औषधाची फवारायची बाटली आणली, सारखी मारली, आन् वर सुती फडकं टाकून कोमट इस्तरी फिरवली, जास्त न्हाई, न्हाईतर कापड जळतंय. ते इस्तरीनंच धरतंय मनतेत. आन् पाणी टाकून बघितलं, तांब्याभर न्हाई, बादलीभर… चमकुऱ्याच्या, म्हंजे तुमच्या अळूच्या पानावरून पळतंय तसं पळालं! मोती मोती! आक्का आता जंगलातून येती ती कोरडी येती. खोकला गेला. माह्यासंगं बोलती का? न्हाई. कोट घालती, पर बोलत न्हाई. बरं, सांगावं तर काय सांगावं तिला?

आन् बा? बापाचं तर इचारूच नका. पयले आठ दिवस पाराकडं फिरकलाच न्हाई. मग एका दिशी पारावर कुणीतरी इषय काढला, तर हा हळूच मनला, "काय सांगावं, वाया गेलं पोरगं." लोकं हसले. दुसऱ्या दिशी अजून जरा सांगितलं. आता तर पाव्हणा आला की सोताच सुरू करतो! आवाज काढून, हात हालवून! "आवं, घोंगडीची खळ कधी कोटाला देतेत का? शेंबड्या पोराला बी कळंल! पर ह्या दिवट्याला एवढी अक्कल पाहिजे ना!" मी तिथंच बसलेलो, मान खाली, मातीत रेघोट्या मारत. लोकं मनतेत, "मसाजी, तुमच्यासारख्या माणसाच्या पोटी कसं काय हो आसलं?" बा उसासा टाकतो. खरा टाकतो हो, मला बी खरा वाटतो!

परवा तर सांगता सांगता मधीच इसरला, आधी फेस का आधी शेळ्या. सगळे वाट बघून राहिले, हा डोकं खाजवून राहिला… काय करता? बाप हाय. म्याच हळूच मनलं, "आधी फेस, बा."